सतरा आकडे, हातचा एकही नाही

१२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या मोठ्यानं वाचायला गेलं तर भल्याभल्यांची जीभ अडते. आकडे सतरा. कोटीला कोटीनं गुणा, आणि येईल त्याची एकशे तेवीस पट करा, तरी ही थोडी उरतेच. भास्कराचार्यांनी 'लीलावती'मध्ये एकं, दहं, शतं असं करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यातल्या सतराव्या स्थानाचं नाव 'मध्य'. आपली संख्या तिथवर पोचते आणि परार्धाच्या एक पायरी अलीकडे थांबते. एवढी मोठी, पण पाठ करायला दुसरीतल्या पोरालाही अर्धं मिनिट पुरतं. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि नऊवरून एकपर्यंत उतरायचं.

मला ही संख्या एकाच आठवड्यात दोनदा व्हॉट्सअॅपवर आली. एका ग्रुपवर ती आपल्या प्राचीन ऋषिमुनींचं गूढ ज्ञान म्हणून आली. दुसऱ्यावर ती कुदरतचा करिश्मा होती आणि खाली 'पुढे पाठवा, सवाब मिळेल' असं लिहिलेलं होतं. चित्र दोन्हीकडे एकच, आकड्यांचा मनोरा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत शेवटची ओळ:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

दोन्ही निरोपांत दोन गोष्टी नव्हत्या. हे असं का होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि या संख्यांना ज्या माणसानं नाव दिलं, त्याचं नाव नव्हतं. तो माणूस ना ऋषी होता ना वली. नाशिकजवळ देवळालीला तो शाळामास्तर होता.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड कायम चाललेली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनला. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत मास्तरकी केली आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळत राहिले. जगाला ते माहीत आहेत ते ६१७४ या संख्येमुळे. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्यावर पुन्हा तेच. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा, आणि तुम्ही तिथंच येऊन पोचता.

पण मला कापरेकर जवळचे वाटतात ते त्यांच्या दुसऱ्या एका शोधामुळे. त्यांनी काही संख्यांना 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. डेम्लो हे कुठल्या ग्रीक पंडिताचं नाव नाही. जुन्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीसएक मैलांवर डेम्लो नावाचं स्थानक होतं, म्हणजे आपलं आजचं डोंबिवली. तिथं त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचंच नाव देऊन टाकलं. १९३८ मध्ये या संख्यांवरचा त्यांचा लेख 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये छापून आला. ज्या फलाटावर लोक लोकलची वाट बघत डबा खातात, तिथलं नाव एका मास्तरानं गणितात नेऊन ठेवलं.

डेम्लो संख्या म्हणजे काय? १६५ बघा. पहिला आकडा १, शेवटचा ५, बेरीज ६, आणि मधे ६. २५५३ मध्ये दोन आणि तीन पाच, मधे पाच-पाच. ४७७७३ मध्ये चार आणि तीन सात, मधे तीन वेळा सात. पुढचा तुकडा आणि मागचा तुकडा मिळवला की मधला आकडा यायला हवा. आता आपल्या सतरा आकड्यांचे दोन तुकडे करा. पुढचे आठ आकडे १२३४५६७८. मागचे नऊ आकडे ९८७६५४३२१. एकाखाली एक मांडा आणि मिळवा.

एकंच्या घरात आठ आणि एक नऊ. दहंच्या घरात सात आणि दोन नऊ. सहा आणि तीन नऊ. प्रत्येक घरात नऊ. उत्तर ९९९९९९९९९. मधल्या तुकड्याची इथं गरजच उरत नाही. मनोऱ्याच्या कुठल्याही ओळीवर करून बघा. १२३२१ चे १२ आणि ३२१, बेरीज ३३३. १२३४३२१ चे १२३ आणि ४३२१, बेरीज ४४४४. या खास मनोऱ्याला कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटलं.

मी राहतो पाचोडला. पैठण तालुक्यातलं, धुळे–सोलापूर महामार्गावरचं हे गाव. आमची ओळख मोसंबीच्या बाजाराची. मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो आणि आता संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत दहावीच्या मुलांना फी न घेता बसवतो. यंदा चौदा मुलं होती. बागवान, कुरेशी, शाह, दोन मराठ्यांची, तीन बौद्ध वस्तीतली, एक वंजारी. निरोप त्यांच्याही घरच्या फोनांवर येऊन गेलेला होता. एकानं विचारलं, "सर, ये सच्ची है क्या?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, वही काढ आणि उभा गुणाकार मांड.

उभा गुणाकार मांडला की करिश्मा तिथंच उलगडतो. एकनं गुणायचं म्हणजे तीच ओळ पुन्हा लिहायची. नऊ एकांची ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. वहीवर एकांचा तिरपा पट्टा तयार होतो. आता उभ्या बेरजा करा. उजव्या टोकाच्या घरात एकच एक. पुढच्या घरात दोन एक. मग तीन. मधल्या घरात नऊच्या नऊ ओळी एकमेकींखाली येतात, म्हणून नऊ. तिथून पुढं ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा. आकडे चढतात आणि उतरतात ते तिरपा पट्टा मधे जाड आणि टोकांना बारीक असतो म्हणून. आणि हे सगळं नीट दिसतं याचं कारण एकच. कुठल्याही घरात हातचा येत नाही.

हातचा हा शब्द मला शाळेच्या आधी घरी कळला. आमचं घर बागवानांचं. अब्बा मोसंबीच्या बागा उक्त्या घ्यायचे, आणि तेव्हा बराच माल नगावर मोजून जायचा. एका हातात दोन, दुसऱ्या हातात तीन, अशी पाचाची उचल. पहिल्या उचलीला एक म्हणायचं नाही, 'बरकत' म्हणायचं. शेजारचे हिंदू व्यापारी 'लाभ' म्हणायचे. पुढं दोन, तीन, चार. वीस उचली झाल्या की शंभर, आणि शंभर झाले की एक मोसंबी बाजूला ठेवायची. दिवस संपला की बाजूच्या मोसंब्या मोजल्या की शेकडे कळले. अब्बा शाळेत गेले नव्हते. पण बाजूला ठेवलेली ती मोसंबी म्हणजेच हातचा. घर भरलं की एक पुढच्या घरात जातो आणि आधीच्या घरात काय होतं ते दिसेनासं होतं. हातचा हिशोब सोपा करतो, पण मागचा रस्ता पुसत जातो.

आपल्या संख्येत हातचा नसल्यामुळं रस्ता पुसला जात नाही. गुणाकार कसा झाला ते उत्तरातच वाचता येतं.

पोरांनी अर्थातच विचारलं, सर, दहा एक घेतले तर? मी म्हटलं, करा. मधल्या घरात दहा ओळी येतात. दहा मावत नाहीत. शून्य राहतं, एक हातचा पुढं जातो. पुढच्या घरात नऊ होते, त्यांचे दहा होतात, तिथंही शून्य आणि पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठांचे नऊ होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब, मधे दोन शून्यं, आरसा फुटला. दहा एकांची बेरीज दहा, तिचा वर्ग शंभर. म्हणजे हातचा नसता तर उत्तरातल्या आकड्यांची बेरीज शंभर आली असती. ती येते ८२. प्रत्येक हातचा बेरजेतून नऊ खातो. हातचे दोन, खाल्ले अठरा. वर्गातल्या एका मुलीनं हे कुणी न सांगता पकडलं आणि फळ्यावर येऊन लिहिलं.

आता तिच्याविषयी. बाप मोसंबीचा टेम्पो चालवतो. घरात चार भावंडं, ही तिसरी. आमच्याकडे दहावीनंतर मुलीचं काय, हा प्रश्न गणितापेक्षा अवघड असतो. अकरावी म्हणजे बस, बस म्हणजे उशीर, उशीर म्हणजे मोहल्ल्यात चर्चा. मग कुणी तरी म्हणतं, घरी बसू दे, शिवण शिकेल. आणि एकदा घरी बसली की पाठोपाठ स्थळं यायला लागतात. ही फक्त आमच्याच समाजाची गोष्ट नाही. माझ्या वर्गातल्या वंजारी मुलाच्या बहिणीचंही असंच झालं होतं. पण आमच्यात ती कानावर जास्त पडते, म्हणून लिहितो.

एका संध्याकाळी तिचा बाप तिला न्यायला आला तेव्हा मुलं याच गुणाकाराचा ताळा बघत होती. तो दारात उभा राहिला. मी आत बोलावलं, चहा सांगितला. म्हणाला, "सर, ये सब ठीक है. लेकिन इसका फायदा क्या?" कुत्सितपणा नव्हता. रोज डिझेल, टोल आणि हमाली लिहून ठेवणाऱ्या माणसाचा तो सरळ प्रश्न होता.

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याच्या खिशात दुकानात मिळतो तसला बारा आकडी कॅल्क्युलेटर होता. मी म्हटलं, भाई, नऊ एक गुणिले नऊ एक करून बघा. त्यानं केलं. पडद्याच्या कोपऱ्यात 'ई' आला आणि शेवटचे आकडे गळले. बारा घरांच्या यंत्रात सतरा आकडे मावत नाहीत. मुलीनं वही पुढं केली. त्यात सगळे सतरा होते. तो कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला, मग वहीकडे. "मशीन से नहीं होता, और ये करती?" असं म्हणाला आणि चहा प्यायला.

याचा अर्थ कागद यंत्राहून श्रेष्ठ असा कुणी काढू नये. संगणक हा गुणाकार डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. सांगायचं ते वेगळंच आहे. त्या मुलीला उत्तर बरोबर आहे हे माहीत होतं, आणि ते तिला ना माझ्यामुळं माहीत होतं ना यंत्रामुळं. तिनं ताळा बघितला होता. नवाचा ताळा तुम्हालाही आठवत असेल. नऊ एकांची बेरीज नऊ. नऊ गुणिले नऊ एक्क्याऐंशी, आठ आणि एक नऊ. उत्तरातल्या सतरा आकड्यांची बेरीज एक्क्याऐंशी, पुन्हा नऊ. जुळलं. ज्या घरात आडतीची पट्टी, बँकेचं व्याज, राशनचं वजन हे सगळं दुसऱ्यानं सांगितलेलं मानायचं असतं, त्या घरातल्या मुलीकडे एक तरी गोष्ट अशी होती जी तिनं स्वतः तपासून खरी ठरवली होती.

ही एक्क्याऐंशी बेरीज आणखी एक दार उघडते. जी संख्या स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेनं पूर्ण भागली जाते, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. हर्ष देणारी. आपली संख्या एक्क्याऐंशीनं भागा. उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. ही पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. नीट बघा, त्यात आठ नाही. या आठ नसलेल्या संख्येला नवानं गुणलं की नऊ एक परत मिळतात. मनोऱ्याच्या नऊ पायऱ्यांत पहिली पायरी, म्हणजे नुसता एक, सोडली तर हर्षद दोनच आहेत. तिसरी आणि नववी. १२३२१ ला नवानं भाग जातो आणि आपल्या सतरा आकडीला एक्क्याऐंशीनं. बाकीच्या सहा जणींना तो हर्ष नाही.

आणखी आत जायचं तर अवयव पाडायचे. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिला म्हणजे ३ गुणिले ३७. दुसरा म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. ही शेवटची मूळ संख्या आहे की नाही हे ठरवायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, कारण ५७८ चा वर्ग तिच्या पुढं जातो. अशा मूळ संख्या १०६. चौदा मुलांत वाटल्या, प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ आल्या. दोन संध्याकाळी नुसते भागाकार. कुठंच बाकी शून्य आली नाही. ३३३६६७ मूळ निघाली. म्हणजे आपली संख्या तीनचा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग. तिचे विभाजक पाच गुणिले तीन गुणिले तीन, पंचेचाळीस. त्याहून एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

इथं एक फरक सांगायला हवा, कारण याच फरकावरून कापरेकरांना हसणारे हसले. चढता-उतरता मनोरा हा आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे. आपल्याला दहा बोटं, म्हणून घर दहाला भरतं. आठला घर भरणाऱ्या लोकांचा मनोरा सातालाच थांबला असता. पण पंचेचाळीस विभाजक हे संख्येचे स्वतःचे. कुठल्याही लिपीत, कुठल्याही बोटांवर मोजा, ते बदलत नाहीत. मनोरा दागिना आहे, अवयव हाडं आहेत. देशातल्या अनेक गणितज्ञांना कापरेकर दागिन्यांतच रमले असं वाटे. त्यांचं काम किरकोळ ठरवलं जाई. ते स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापत, परिषदांना जात, बोलत. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. तोवर ते सत्तरीचे होते. पत्नी १९६६ मध्ये वारली होती आणि पेन्शन पुरत नाही म्हणून ते शिकवण्या घेत होते. १९८६ मध्ये ते गेले.

मला मात्र वाटतं, दागिन्यामुळंच पोरं हाडांपर्यंत पोचतात. मनोरा बघितला नसता तर माझ्या चौदांपैकी एकानंही १०६ भागाकार केले नसते.

राहता राहिला तो निरोपातला दावा, ही संख्या कुणाची. इतिहास बघितला तर गंमत आहे. इसवी सन ८५० च्या सुमाराला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य नावाच्या जैन पंडितानं 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या आहे, आणि तिचं वर्णन एकपासून सहापर्यंत चढून क्रमानं उतरणारी असं आहे. हीच आपल्या मनोऱ्याची सहावी पायरी. असे सुंदर गुणाकार त्यांना गळ्यातल्या हारांसारखे वाटत आणि तसंच ते म्हणत. हे राष्ट्रकूट म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं वेरूळचं कैलास लेणं कोरवणारं घराणं. त्याच शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी हिंदी अंकांनी हिशोब कसा करायचा यावर पुस्तक लिहीत होता. त्याच्याच नावावरून आजचा 'अल्गोरिदम' शब्द आला. आणि १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 'लीलावती' फारसीत आणली. संख्या इकडून तिकडं गेल्या, तिकडून इकडं आल्या. कुणी त्यांची जात विचारली नाही.

तरी आपण आकड्यांना झेंडे लावतो. आमच्याकडे ७८६. बिस्मिल्लाहच्या अक्षरांना अब्जद पद्धतीनं आकडे देऊन केलेली ती बेरीज. ट्रकवर असते, दुकानाच्या पावतीवर असते, नोटेच्या नंबरात सापडली तर नोट जपून ठेवतात. त्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही. अशी बेरीज मांडावी की नाही यावर उलेमांतही मतभेद आहेत. एवढंच म्हणतो की खूण म्हणून मानलेला आकडा आणि तपासून ओळखलेली संख्या ही दोन वेगळी नाती आहेत. पहिल्यात आपण ऐकतो. दुसऱ्यात आपण विचारतो, आणि संख्या दर वेळी, प्रत्येकाला, तेच उत्तर देते. टेम्पोवाल्याच्या मुलीला एक आणि कलेक्टरच्या मुलीला दुसरं, असं ती करत नाही.

बापाच्या प्रश्नाला मी शेवटी काय म्हटलं? म्हटलं, भाई, या संख्येचा बाजारात फायदा शून्य. कुणी विकत घेणार नाही. पण तुमची मुलगी, हे असं का, हा प्रश्न सोडत नाही. तो प्रश्न न सोडणाऱ्या माणसाला कुणी सहज फसवू शकत नाही. कापरेकरांकडेही एवढंच भांडवल होतं. तो म्हणाला, विचार करून सांगतो. निकाल लागला. गणितात तिला ९६ मिळाले. अकरावीचा फॉर्म भरलाय, विज्ञान शाखेचा. "एक साल देखते," असं बापाचं म्हणणं आहे. त्या एका वर्षाच्या पुढचं मला दिसत नाही, आणि दिसतं असं सोंगही मी आणणार नाही.

परवा ती वर्गाच्या वेळेआधीच आली. म्हणाली, सर, तीन एकांना तीननं भाग जातो, नऊ एकांना नवानं जातो. मग मी सत्तावीस एक घेतले. त्यांना सत्तावीसनं भाग जातो. मी विचारलं, भागून बघितलंस? म्हणाली, नाही, भागायची गरजच नाही. सत्तावीस एक म्हणजे नऊ एक गुणिले १००००००००१००००००००१. पहिल्याला नवानं भाग जातो. दुसऱ्याच्या आकड्यांची बेरीज तीन, म्हणून त्याला तीननं. नऊ त्रिक सत्तावीस.

मी तिला म्हटलं, आता एक्क्याऐंशी एक घे. ती म्हणाली, ते पण झालंय सर, तसंच जातं, पुढचं सांगा.